मँचेस्टर नावाचा विभाग आणि सोलापुरातला एक इंग्रजी वर्ग

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार सांभाळण्याचे काम मी 22 वर्षे करीत आहे, आणि तेवढ्या बळावर आपल्याला इंग्रजी येते असा माझा समज होता. आमचे जुने ग्राहक आखातातले आणि अमेरिकेतले; ऑस्ट्रेलियाचा पहिला खरेदीदार मिळाला तो गेल्या पावसाळ्यात. मेलबर्नहून आलेल्या त्याच्या दुसऱ्याच पत्रात, हा माल आमच्या ‘मँचेस्टर’साठी आहे, तेव्हा पुड्यावरची चिठ्ठी त्याप्रमाणे असावी, असे लिहिलेले होते. माल मेलबर्नच्या बंदरात उतरवायचा की थेट इंग्लंडला मँचेस्टरकडे रवाना करायचा, अशी पृच्छा करणारे अत्यंत सभ्य पत्र मी लिहिले. उत्तराच्या शेवटी हसऱ्या चेहऱ्याची तीन चिन्हे होती. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये चादरी, अभ्रे, टॉवेल अशा घरगुती कापडाला आणि दुकानातल्या त्या विभागालाच मँचेस्टर म्हणतात. एके काळी हा माल त्या शहरातून जहाजाने येत असे, पुढे शहराचा संबंध सुटला तरी नाव मालाला चिकटून राहिले. इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचे मँचेस्टर, हे शाळेत घोकलेल्या माणसाला मँचेस्टर म्हणजे टॉवेल हे ठाऊक नसावे, आणि तेही सोलापुरात बसून, याची मला बरीच लाज वाटली.

त्याच आठवड्यात सात रस्त्याच्या परिसरातल्या एका भाषावर्गाचा फलक माझ्या नजरेस पडला. परदेशात ठिकठिकाणी बोलली जाणारी इंग्रजी, तिथले वाक्प्रचार, म्हणी आणि बोलीतले शब्द शिकवणारा हा वर्ग 8 आठवड्यांचा होता. दर आठवड्याला दोन संध्याकाळी दोन-दोन तास, म्हणजे एकूण 32 तास, आणि शुल्क 4,500 रुपये. मी नाव घातले, वर्ग पूर्ण केला, आणि आता दोन महिन्यांनी त्याविषयी लिहीत आहे, कारण असे वर्ग शहरात वाढत चालले आहेत आणि त्यांच्याकडून नेमके काय मिळते याची चौकशी मला बरेच जण करतात.

आमच्या तुकडीत 26 जण होते. आयर्लंडला निघालेल्या तीन परिचारिका, ऑस्ट्रेलियात शिकायला जाणारी दोन मुले, बोटीवर नोकरी धरू पाहणारा एक स्वयंपाकी, शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतला एक तरुण, जो रात्रभर अमेरिकेतल्या विमा ग्राहकांचे फोन घेतो, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांची मुलगी लीड्सला असते आणि ज्यांना नातवाचे बोलणे निम्मेच कळते. शिकवणारे दोघे. मॅडम आयुष्याची बरीच वर्षे आयर्लंड आणि इंग्लंडच्या उत्तर भागात नोकरी करून परतलेल्या. सर तरुण, उत्साही, आणि त्यांचे सगळे ज्ञान मोबाइलच्या पडद्यावरून आलेले. वर्गाविषयीचे माझे मत म्हणजे पुष्कळसे या दोघांमधल्या अंतराविषयीचे मत आहे.

मॅडमनी पहिल्या दिवशी इंग्रजीचा एक शब्दही काढला नाही. पुण्याच्या माणसाला कळणार नाही असा घरचा एक शब्द प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावा, एवढेच त्यांनी सांगितले. ‘काय करूलालास बे?’ हे वाक्य अकरा चिठ्ठ्यांवर निघाले. काही चिठ्ठ्यांवर तेलुगू होते, काहींवर कानडी, दोन-तीनांवर दखनी. मग मॅडमनी विचारले की, उद्या एखादा परगावचा अधिकारी तुमच्या कार्यालयात रुजू झाला आणि पहिल्याच दिवशी तुम्हाला ‘काय बे’ म्हणाला, तर कसे वाटेल? वर्ग हसला, आणि त्या हसण्यावरच त्यांनी फळ्याचे खडूने दोन भाग केले: एका बाजूला ‘कानाचे शब्द’, दुसऱ्या बाजूला ‘तोंडाचे शब्द’. जे ऐकून कळलेच पाहिजेत पण आपण वापरायचे नाहीत ते कानाचे. जे आपणही निर्धास्त बोलू शकतो ते तोंडाचे. पुढचे आठही आठवडे त्यांनी प्रत्येक शब्द या दोहोंपैकी एका रकान्यात बसवल्याशिवाय पुढे पाऊल टाकले नाही, आणि माझे निम्मे शुल्क त्या खडूच्या रेघेतच वसूल झाले.

ही विभागणी किती खरी आहे, याचा पडताळा मला माझ्याच मूर्खपणातून आला. तिसऱ्या आठवड्यात सरांनी ऑस्ट्रेलियाचा तास घेतला. तिथे शब्द तोडून त्याला ‘ओ’ लावण्याची हौस फार. दुपार म्हणजे ‘आर्वो’, पेट्रोल पंप म्हणजे ‘सर्वो’, कामातली विश्रांती म्हणजे ‘स्मोको’, रुग्णवाहिकेवरचा माणूस म्हणजे ‘अ‍ॅम्बो’. पायातल्या रबरी चपलांना ते ‘थाँग्ज’ म्हणतात, तर इंग्लंड-अमेरिकेत त्याच शब्दाने अंतर्वस्त्र समजले जाते. न्यूझीलंडमध्ये त्याच चपला ‘जँडल’ होतात. इथवर सगळे ठीक होते. पण नंतर सरांनी आम्हा सर्वांकडून ‘शील बी राइट’ हे वाक्य सामूहिक प्रार्थनेसारखे म्हणवून घेतले. यातली ‘शी’ कोणी बाई नव्हे. काळजी नको, होईल सगळे नीट, एवढाच त्याचा अर्थ. चारच दिवसांनी मेलबर्नच्या त्या खरेदीदाराने, पहिल्या धुण्यात टॉवेलमधून लव फार सुटते, अशी तक्रार केली, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने त्याला ‘शील बी राइट’ असे लिहून मोकळा झालो. आपल्याकडे दुकानदार उसवलेली शिवण पाहून ‘चालतंय की ओ’ म्हणतो, तेव्हा गिऱ्हाइकाला जो संताप येतो, तो त्या माणसाला आला असावा. दोन ओळींचे कोरडे उत्तर आले, आणि आमच्या मालकांना प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल जोडून माफीचे पत्र पाठवावे लागले. वाक्य अस्सल होते, उच्चारही सरांनी बरोबर शिकवला होता. पण ते माल घेणाऱ्याने म्हणायचे वाक्य होते, देणाऱ्याने नव्हे. सरांच्या तासात ही गोष्ट कोणी सांगितली नाही. फोनवर ‘ये, ना’ असे ऐकू आले तर ते ‘नाही’ असते, आधीच्या होकाराला भुलू नये, ही त्याच तासातली दुसरी माहिती मात्र दर ठरवताना मला दोनदा उपयोगी पडली आहे.

मॅडमचा आयर्लंडचा भाग या वर्गाचा गाभा आहे. परिचारिकांसाठी त्यांनी तो तीन तास लांबवला, आणि आम्हा बाकीच्यांनाही त्याचा कंटाळा आला नाही. आयरिश माणूस ‘आय अ‍ॅम आफ्टर टेकिंग द टॅब्लेट’ म्हणतो, तेव्हा त्याला गोळी हवी आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने ती नुकतीच घेतलेली असते. ही ठेवण त्यांच्या मूळ आयरिश भाषेतून इंग्रजीत उतरली आहे, आणि ती न समजणारी नर्स दुसरी गोळी देऊन बसेल, हे मॅडमनी इतक्या शांतपणे सांगितले की खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. ‘गिव्हिंग आउट’ म्हणजे वाटप नव्हे, रागावणे. ‘बोल्ड’ मूल म्हणजे धीट नव्हे, खोडकर मूल. ‘ग्रँड’ म्हणजे भव्य वगैरे काही नाही, बरे आहे इतकेच. म्हणून वेदना किती आहेत या प्रश्नाला ‘ग्रँड’ असे उत्तर आले तर तेवढ्यावर थांबायचे नाही, पुन्हा विचारायचे. कपाटाला ते ‘प्रेस’ म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीचे जे उबदार कपाट असते ते ‘हॉट प्रेस’. घडी घातलेले टॉवेल त्यात ठेवतात. मी हा शब्द वहीत अधोरेखित केला, कारण आमच्या मालाचा शेवटचा मुक्काम कुठे असतो हे मला 22 वर्षांत प्रथमच कळले.

लीड्सवाल्या काकांमुळे इंग्लंडचा भागही रंगला. गेल्या वर्षी मुलीकडे गेले असताना शेजाऱ्याने त्यांना संध्याकाळी ‘टी’ला बोलावले; काका घरी पोटभर भाकरी-आमटी खाऊन, चहापुरती जागा ठेवून गेले, आणि समोर बटाटे, मटार, भाजलेले मांस अशी भरलेली ताटे आली. उत्तर इंग्लंडमध्ये पुष्कळ घरांत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचे जेवण आणि ‘डिनर’ म्हणजे दुपारचे, हे मॅडमनी सांगितल्यावर काका म्हणाले, “मॅडम, हे एक वर्ष आधी सांगायला हवं होतं तुम्ही.” साध्या पावाची गोष्ट तर आपल्याकडच्या लोकांना विशेष आवडेल. लादीतून सुटा केलेला पाव असावा तसल्या गोल पावाला मँचेस्टरकडे ‘बार्म’ म्हणतात, नॉटिंगहॅमकडे ‘कॉब’, कॉव्हेंट्रीत ‘बॅच’, यॉर्कशरमध्ये ‘ब्रेडकेक’, न्यूकॅसलकडे त्याचा चपटा भाऊ ‘स्टॉटी’. आणि यांतले खरे नाव कोणते यावरून ही माणसे हिरिरीने भांडतात. दोन घरांमधल्या बोळाचेही तसेच: कुठे ‘जिनेल’, कुठे ‘स्निकेट’, लेस्टरकडे ‘जिटी’, ससेक्समध्ये ‘ट्विटन’. स्कॉटलंडचा ‘आउटविथ’ हा शब्द मला फार आवडला. त्याचा अर्थ ‘बाहेर’ किंवा ‘वगळून’ असा. तिथली सुशिक्षित माणसे तो कार्यालयीन कागदांतही सर्रास लिहितात, पण इंग्लंडच्या माणसाला तो वाचताना अडखळल्यासारखे होते. बोली म्हणजे अडाण्यांची भाषा, ही आपल्या शाळांनी डोक्यात भरवलेली समजूत त्या एका शब्दाने ढिली होते.

म्हणींना मात्र वेळ कमी पडला. यॉर्कशरची ‘जिथे घाण तिथे पैसा’ ही म्हण आणि काळे ढग दाटले की इंग्लंडच्या मध्य भागातले लोक म्हणतात ते ‘बिलच्या आईच्या घरावर अंधारून आलंय’ हे वाक्य, एवढ्यावर भागवले गेले. हा बिल कोण, आणि त्याच्या मातोश्रींच्याच घरावर ढग का, याचा ठाव कोणाला लागलेला नाही.

सरांच्या अमेरिकेच्या तासांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बाटलीतल्या गोड पेयाला ईशान्येकडे ‘सोडा’, मध्य-पश्चिमेकडे ‘पॉप’ आणि दक्षिणेत, पेय कोणतेही असो, ‘कोक’ म्हणतात, हे कळले. दक्षिणेतल्या बाईने गोड आवाजात ‘ब्लेस युअर हार्ट’ म्हटले तर तो पुष्कळदा आशीर्वाद नसून ‘किती गं बावळट तू’ असा शेरा असतो, हे ऐकून रात्रपाळीवाल्या तरुणाचा चेहरा उतरला. कितीतरी बायकांचे त्याने मनापासून आभार मानले होते. उरलेला वेळ चित्रपटी उच्चारांच्या नकलांत गेला. त्याहून वाईट म्हणजे लंडनच्या यमकबोलीला, म्हणजे शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारी जोडी बोलण्याच्या पद्धतीला, दिलेले दोन पूर्ण तास. ‘अ‍ॅपल्स अँड पेअर्स’ म्हणजे जिना, ‘डॉग अँड बोन’ म्हणजे फोन, अशी चाळीसेक जोड्यांची यादी पाठ करायला दिली आणि तिच्यावर परीक्षाही घेतली. ही बोली मजेदार आहे, तिचा इतिहासही आहे. पण लंडनला उतरलेल्या आपल्या मुलाला बसमध्ये अशी माणसे भेटतील, या समजुतीने ती शिकवणे म्हणजे सोलापुरात आलेल्या पाहुण्याला तमाशातली सवाल-जवाबाची भाषा शिकवून बाजारात धाडण्यासारखे आहे.

वेळेच्या शब्दांचा तास मात्र प्रत्येक निर्यातदाराने पैसे मोजून ऐकावा असा होता. दक्षिण आफ्रिकेचा माणूस ‘जस्ट नाउ’ म्हणतो तेव्हा ते काम आत्ता होणार नसते. केव्हातरी, पुढे, जमेल तसे होणार असते. लवकर हवे असेल तर तो ‘नाउ नाउ’ म्हणतो. वेल्समध्ये ‘नाउ इन अ मिनिट’ म्हणजे थोड्या वेळाने. यॉर्कशरच्या बोलीत ‘व्हाइल’ म्हणजे ‘पर्यंत’, म्हणून ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच. ब्रिटनमध्ये ‘हाफ टेन’ म्हणजे साडेदहा. बैठकीत एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी तो चर्चेला घेणे आणि अमेरिकनांच्या लेखी तो बाजूला ठेवणे. दोघे एकाच बैठकीत बसले तर काय होईल याची कल्पना करावी. अर्थात ‘हा निघालोच’ असे अंघोळीला जाण्यापूर्वी फोनवर सांगणाऱ्या आपल्या लोकांना दक्षिण आफ्रिकेच्या ‘जस्ट नाउ’चे नवल वाटण्याचे कारण नाही.

आणि याच ओघात सहाव्या आठवड्यात मॅडमनी गोऱ्या लोकांच्या देशांबाहेर पाऊल टाकले, तो या वर्गाचा सर्वोत्तम दिवस. नायजेरियात एखादा माणूस तुमच्यासमोरून उठून जाताना ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हणतो. इंग्लंडचा माणूस चक्रावतो. आम्हा 26 जणांपैकी एकालाही चक्रावायला झाले नाही, कारण आपल्या घरांतून कोणी ‘जातो’ म्हणून बाहेर पडतच नाही, ‘येतो’ म्हणूनच पडतो. तिथे परवाला ‘नेक्स्ट टुमॉरो’ म्हणतात, आणि 2020 साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने नायजेरियातले जे शब्द स्वीकारले त्यांत हाही आहे. सिंगापूरमध्ये उपाहारगृहात जागा धरण्यासाठी टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवतात, त्याला ‘चोप’ करणे म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या समाजाला त्यासाठी एक सोपे क्रियापद अजून सुचू नये, हे आश्चर्य आहे. जमैकात ‘वन वन कोको फुल बास्केट’ अशी म्हण आहे. कोको म्हणजे अळकुडीच्या जातीचा कंद, आणि एकेक करून टोपली भरते हा तिचा अर्थ. आपण तेच थेंबे थेंबे तळे साचे म्हणून सांगतो. कोरडवाहू मुलखाने तळ्याची म्हण घ्यावी आणि पावसाच्या बेटाने कंदाची, यावर काकांनी आणि मी घरी परतताना पार्क चौकापर्यंत चर्चा केली.

मला खरी उणीव जाणवली ती आमच्या गावाच्या धंद्याची. सोलापुरात वर्ग चालवून कापडाच्या भाषेला एकही तास नसावा, हे खटकले. टॉवेलचाच व्यवहार पाहा: तोंड पुसण्याच्या लहान चौकोनी टॉवेलला ब्रिटनमध्ये ‘फ्लॅनल’, अमेरिकेत ‘वॉशक्लॉथ’ आणि ऑस्ट्रेलियात ‘फेस वॉशर’ म्हणतात, अमेरिकनाला ‘फ्लॅनल’ असे लिहिले तर त्याच्या डोळ्यांपुढे थंडीचा चौकड्यांचा सदरा येतो. लँकेशरच्या गिरण्यांतल्या विणकर बाया मागांच्या खडखडाटात ओठ मोठमोठे हलवून, जवळजवळ आवाजाविना बोलत, त्याला ‘मी-मॉ’ असे नाव होते. मी हे वर्गात सांगितले तेव्हा पूर्व भागातला तो तरुण म्हणाला, “आमची आजी अजून तशीच बोलते, घरी माग नाही तरी.” हलक्या मालाला ‘शॉडी’ म्हणतात तो शब्दही यॉर्कशरच्या बॅटली-ड्यूसबरी भागातला, चिंध्या पिंजून काढलेल्या लोकरीच्या पुनर्वापराचे ते मूळ नाव. मॅडमनी ही सगळी भर मोकळ्या मनाने वहीत उतरवून घेतली, आणि बदल्यात मला ‘डूलॅली’ दिला. डोके फिरलेल्या माणसासाठी ब्रिटिश लोक वापरतात तो हा शब्द म्हणजे आपल्या नाशिकजवळचे देवळाली. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत कुजत पडायचे. त्याचे जुने रूप ‘डूलॅली टॅप’ असे होते, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे चक्क आपला ताप.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. खोली अठरा जणांची, तीत आम्ही 26. मागच्या बाकावर ध्वनिफिती ऐकू येत नाहीत, आणि जिथे विषयच कानाचा आहे तिथे हा दोष किरकोळ म्हणता येत नाही. छापील टिपणांत शुद्धलेखनाच्या चुका आहेत. वेळापत्रक तीनदा बदलले, आणि दर वेळी दुपारी बाराला ‘आजचा वर्ग प्रीपोन केला आहे’ असा निरोप आला. हा शब्द कोणत्या देशातली बोली, हे मात्र वर्गात कोणी शिकवले नाही.

परिचारिकांनी, आणि फोनवर परक्यांशी बोलून पोट भरणाऱ्यांनी हा वर्ग अवश्य करावा. ज्याला केवळ पत्रव्यवहार करायचा आहे त्याने पूर्ण शुल्क भरण्याआधी मॅडमचेच तास वेगळे घेता येतात का ते विचारावे. मी विचारले तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी नकारही दिला नाही आणि होकारही नाही, ‘बघू’ म्हणाल्या. पुढची तुकडी जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर सुरू होणार आहे. निम्मे शुल्क आगाऊ घेतात, पावती मागितल्याखेरीज देत नाहीत, आणि पुढच्या दोन बाकांवर जागा हवी असेल तर सहाच्या वर्गाला पावणेसहालाच जाऊन रुमाल टाकावा लागतो.